उलट्या धावेचं प्रायश्चित्त

1929 सालचा 'फ्लाइट' हा अमेरिकन चित्रपट एका धावेने सुरू होतो. अमेरिकेतला तो चेंडू हातात घेऊन पळायचा, अंगावर कोसळणारा फुटबॉल चालू आहे. लेफ्टी फेल्प्स नावाच्या खेळाडूच्या हाती चेंडू येतो, गर्दीत त्याची दिशा चुकते आणि तो जीव तोडून आपल्याच संघाच्या हद्दीकडे पळत सुटतो. सामना हातचा जातो. लोक हसतात, वर्तमानपत्रं हसतात, लेफ्टीला तोंड दाखवायला जागा राहत नाही. मग तो मरीन दलात भरती होतो, विमान चालवायला शिकायला जातो, तिथेही अपयशी ठरतो आणि अखेर निकाराग्वाच्या रानावरून लढून परततो. तेव्हा त्याच्या छातीवर वैमानिकाच्या विंग्ज असतात आणि शेजारी बायको असते. डाग गेला, असं चित्रपट आपल्याला सांगतो.

मी भारतीय सैन्यात धर्मशिक्षक होतो. जवान आम्हाला पंडितजी म्हणतात. पूजाअर्चा, सणवार, कसम परेडला ग्रंथावर हात ठेवून शपथ देणं, गेलेल्याचं अंत्यकर्म ही आमची नेमून दिलेली कामं. आणखी एक काम असतं, ते कुठल्याही आदेशात लिहिलेलं नसतं. आरती झाल्यावर सगळे निघून जातात आणि एखादा मागे उगाच चप्पल शोधत रेंगाळतो. त्याला बसवून त्याचं ऐकून घ्यायचं. त्यामुळे माझ्या मुलीने लॅपटॉपवर हा चित्रपट लावून दिला, तेव्हा जुना बोलपट म्हणून तो मला पाहता आलाच नाही. लेफ्टीसारखी माणसं माझ्यासमोर मांडी घालून बसलेली आहेत. त्यांनी मला विचारलेला प्रश्न चित्रपट विचारतो आणि त्याचं सोपं उत्तर देऊन मोकळा होतो. आपल्या हातून घडलेल्या गोष्टीचं प्रायश्चित्त तिसऱ्याच कुणाच्या जिवावर घेता येतं का?

आधी चित्रपटाबद्दल थोडं. तो कोलंबिया कंपनीचा. आज हे नाव मोठं आहे, पण त्या काळी हॉलिवूडमधल्या गोवर स्ट्रीटच्या आसपास कमी पैशांत, घाईने चित्रपट काढणाऱ्या ज्या कंपन्या होत्या त्यांच्या आळीला 'पॉव्हर्टी रो' म्हणत आणि कोलंबिया त्याच आळीतली. दिग्दर्शक फ्रँक काप्रा, सिसिलीहून लहानपणी आईबापांबरोबर आलेला कॅथलिक मुलगा. जॅक होल्ट आणि राल्फ ग्रेव्ह्ज ही जोडी त्याने आदल्या वर्षी 'सबमरीन'मध्ये घेतली होती, इथेही तीच आहे. मूळ कथा ग्रेव्ह्जचीच आणि लेफ्टीही तोच. मरीन दलाने विमानं दिली, तळ वापरू दिले, म्हणून पैसे कमी असूनही आकाशातली दृश्यं खरी आहेत. ध्वनी तेव्हा नवा होता. माणसं बोलायला लागली की चित्र जागच्या जागी थबकतं, आणि विमानं सुरू झाली की सगळं पुन्हा जिवंत होतं. इंजिनाची ती घरघर ज्या प्रेक्षकांनी आयुष्यात पहिल्यांदा पडद्यावरून ऐकली असेल, त्यांचं काय झालं असेल याची मला कल्पना करता येते.

प्रेमाची गोष्टही आहे. पनामा विल्यम्स हा लेफ्टीचा शिक्षक आणि पाठीराखा, रांगडा माणूस. त्याचं एलिनॉर नावाच्या परिचारिकेवर प्रेम आहे, पण तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून तो लेफ्टीलाच सांगतो, माझ्या वतीने तू विचार. एलिनॉरचं मन लेफ्टीवर. पुढचं कुणीही सांगेल. मला त्यातला पनामा महत्त्वाचा वाटतो, त्याच्याकडे मी नंतर येतो.

लेफ्टीची धाव बनावट नाही, ती खरी घडलेली आहे. 1 जानेवारी 1929 रोजी पॅसाडेनाच्या रोझ बोल मैदानात कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि जॉर्जिया टेक यांचा सामना होता. कॅलिफोर्नियाच्या रॉय रीगल्सने प्रतिस्पर्ध्याच्या हातून निसटलेला चेंडू उचलला आणि तो साधारण 65 यार्ड उलटा धावला. त्याच्याच संघातला बेनी लॉम ओरडत त्याच्यामागे पळत होता. रेषेला जेमतेम तीन यार्ड उरले असताना लॉमने त्याला गाठलं, तोवर समोरचे खेळाडू येऊन कोसळले. पुढच्या खेळीत कॅलिफोर्नियाची किक अडवली गेली, जॉर्जिया टेकला दोन गुण मिळाले आणि सामना 8–7 असा गेला. एका गुणाने. त्याच वर्षी लेफ्टी पडद्यावर आला.

इथपर्यंत चित्रपट आणि खरी गोष्ट एकत्र चालतात, आणि मला जे म्हणायचं आहे ते त्यांची वाट फुटते तिथे आहे. रीगल्सची ती धाव पहिल्या अर्धातली. मध्यंतरात तो पोर खोलीच्या कोपऱ्यात तोंड झाकून रडत बसला होता. प्रशिक्षक निब्स प्राइस यांनी सांगितलं की पहिल्या अर्धात जो संघ उतरला तोच आता उतरेल. रीगल्स म्हणाला, मला जमणार नाही. प्राइस यांनी त्याला उठवलं. तो गेला, त्याच मैदानात, त्याच हजारो डोळ्यांपुढे, आणि चांगला खेळला. त्याने प्रतिस्पर्ध्यांची एक किक अडवलीसुद्धा. सामना वाचला नाही. पण पुढच्या मोसमात त्याच संघाने त्याला कप्तान केलं. लोकांनी त्याला आयुष्यभर त्या धावेवरून चिडवलं. ते त्याने सोसलं, हळूहळू स्वतःही त्याबद्दल मोकळेपणाने बोलू लागला, आणि 1991 साली रोझ बोलच्या सन्मान यादीत त्याचं नाव लागलं.

खऱ्या माणसाला दुसरा अर्ध त्याच मैदानात मिळाला. पडद्यावरच्या माणसाला त्याचा दुसरा अर्ध खेळायला निकाराग्वा लागला.

आपल्याकडे प्रायश्चित्ताचा विचार फार बारकाईने झालेला आहे. याज्ञवल्क्य स्मृतीचे तीन अध्याय आहेत, आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. म्हणजे तीनांतला एक अध्याय याच विषयाच्या नावाचा. आमच्या कोकणातल्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा जो इतिहास लिहिला, त्याच्या चौथ्या खंडात पातक आणि प्रायश्चित्तापासून सुरुवात करून ते अंत्येष्टी, श्राद्ध आणि तीर्थयात्रेपर्यंत येतात. तो खंड माझ्या ट्रंकेत कायम असे. जवानांनी विचारलेल्या प्रश्नांसाठी मला गीतेपेक्षा तो जास्त वेळा उघडावा लागला, हे मी गांभीर्याने सांगतो.

त्यात पहिली गोष्ट जी कुणालाही दिसेल ती अशी, की जाणूनबुजून केलेलं आणि अजाणता घडलेलं यांना शास्त्राने एका तागडीत घातलेलं नाही. अजाणता घडलं त्याला हलकं प्रायश्चित्त. दुसरी गोष्ट, प्रायश्चित्ताची सुरुवात सांगण्यापासून होते. आपलं कृत्य चारचौघांत उघड करायचं, त्याचा मनापासून पश्चात्ताप करायचा, मग तप, अध्ययन, दान. काप्राच्या कॅथलिक धर्मातही पायऱ्या जवळपास याच आहेत, पश्चात्ताप, पापाची कबुली आणि भरपाई. तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. प्रायश्चित्त आपल्या देहावर घ्यायचं असतं. प्राजापत्य कृच्छ्र म्हणजे बारा दिवस. तीन दिवस फक्त सकाळी जेवायचं, तीन दिवस फक्त संध्याकाळी, तीन दिवस न मागता येईल ते खायचं, आणि शेवटचे तीन दिवस उपास. चांद्रायणात चंद्राच्या कलेबरोबर घास वाढवायचे आणि कलेबरोबर उतरवायचे. यातलं काहीही दुसऱ्याला द्यायचं नाही. भूक माझी आणि दिवस मोजायचे तेही मीच.

हे सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवली तर मी पंडित म्हणवून घ्यायला लायक नाही. याच ग्रंथांनी कृच्छ्राऐवजी गाय किंवा पैसे देऊन सुटायची सोय करून ठेवली. आणि त्याहून वाईट, मनुस्मृतीत ब्रह्महत्येच्या प्रायश्चित्ताच्या तुलनेत क्षत्रियाच्या हत्येला चौथा हिस्सा, वैश्याच्या हत्येला आठवा आणि शूद्राच्या हत्येला सोळावा हिस्सा सांगितला आहे. मेलेल्या माणसाच्या जातीवरून मारणाऱ्याची भूक ठरवायची! माझ्या पलटणीतल्या पोरांच्या तोंडाकडे पाहून मला हे कधीच वाचून दाखवता आलं नाही, आणि दाखवायचंही नव्हतं. त्या जागी शास्त्र चुकलेलं आहे, धर्म त्याच्या बाजूला उभा राहू शकत नाही.

तो सोळावा हिस्सा 'फ्लाइट' पाहताना मला सारखा आठवत होता. निकाराग्वातली माणसं त्यात लांबून दिसतात, झाडांतून पळणारी, भिंतीवर चढणारी, खाली पडणारी. त्यांचा म्होरक्या लोबो नावाचा जनरल, त्याला चित्रपट दरोडेखोर म्हणतो. मरीनांच्या एका चौकीला त्यांनी वेढा घातला आहे आणि विमानं येऊन तो वेढा उधळतात. लेफ्टी मागच्या जागेवर मशीनगन चालवायला बसलेला आहे. त्याच्या बंदुकीतून निघालेली गोळी कुणाला लागते हे आपल्याला दाखवलेलं नाही, कारण कथेला त्याची गरज नाही. तिथे मरणाऱ्याच्या जिवाला सोळावा हिस्सासुद्धा नाही. त्याचं मरण लेफ्टीच्या हिशेबात फक्त जमेच्या बाजूला पडतं.

या दृश्यामागेही खरी घटना आहे. अमेरिकेचे मरीन 1912 पासून निकाराग्वात होते, 1925 मध्ये निघाले आणि पुढच्याच वर्षी परत आले. 1927 च्या मे महिन्यात तिथली यादवी मिटवायला अमेरिकेच्या मध्यस्थीने झालेला समझोता ऑगुस्तो सँदिनो या सेनानीने मानला नाही. 16 जुलै 1927 रोजी त्याने उत्तरेकडच्या ओकोताल गावातल्या मरीन चौकीला घेरलं. दुपारी मानाग्वाहून मेजर रोवेल यांची पाच विमानं आली आणि त्यांनी एकामागून एक सूर मारत खाली येऊन बाँब टाकले, मशीनगन चालवल्या. जमिनीवरच्या सैन्याच्या मदतीला विमानांनी सूर मारून केलेल्या सुरुवातीच्या संघटित हल्ल्यांत याची गणना होते. मरीनांचा एक माणूस गेला. दुसऱ्या बाजूचे किती गेले यावर दोन्ही पक्षांचं कधीच एकमत झालं नाही. ज्यांना मोजायचं होतं त्यांना ते आपले वाटत नव्हते आणि ज्यांना आपले वाटत होते ते रानात पांगले होते.

सँदिनोला अमेरिकेने दरोडेखोर ठरवलं. सरकारविरुद्ध उठलेल्याला आधी दरोडेखोर म्हणायचं, हे वासुदेव बळवंत फडक्यांच्या महाराष्ट्राला समजावून सांगायला नको. मला मात्र सँदिनोच्या आयुष्यातली एक वेगळी गोष्ट इथे महत्त्वाची वाटते. तोही लेफ्टीसारखा पळून गेलेला माणूस होता. निकिनोओमो गावचा जमीनदार बाप, आणि त्याच्याच मळ्यावर राबणारी आई, असा त्याचा जन्म. 1921 साली गावातल्या एका माणसावर त्याने गोळी झाडली, तो माणूस वाचला, आणि सँदिनो देश सोडून गेला. मेक्सिकोत तेलाच्या कामावर राबला. तिथल्या वास्तव्यात तो पुनर्जन्म मानणाऱ्या एका अध्यात्मवादी पंथाच्या संपर्कात आला आणि पुढे त्याच्या मनावर त्याचाच पगडा बसला. 1931 साली त्याने आपल्या माणसांसाठी काढलेलं एक पत्रक ईश्वरी न्यायाविषयी आहे, युद्धाचे डावपेच त्यात नाहीत. रानात बसून, वर विमानं घिरट्या घालत असताना हा माणूस कर्माचा आणि न्यायाचा विचार करत होता. चित्रपटाला तो ओरडणारा लोबो वाटला.

आणि तरीही जे माप मी लेफ्टीला लावतो तेच त्याला लावायला हवं. सँदिनोच्या माणसांनी पकडलेल्यांना कोयत्यासारख्या माचेतेने हालहाल करून मारलं, हे त्याच्या चाहत्यांनाही नाकारता येत नाही. देशासाठी लढणं वेगळं आणि आपल्या आतली आग दुसऱ्याच्या देहावर विझवणं वेगळं. हे दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतं, म्हणून तर हा प्रश्न इतका कठीण आहे. 1934 च्या फेब्रुवारीत, शांततेची बोलणी करून राष्ट्राध्यक्षांकडचं जेवण आटोपून निघालेल्या सँदिनोला सोमोसा या प्रमुखाच्या हाताखालच्या नॅशनल गार्डने पकडून ठार केलं. ते दल अमेरिकनांनी उभं केलेलं होतं.

आता मला माझ्याकडे आलेल्या एका पोराबद्दल लिहायचं आहे. त्याचं नाव, गाव, पलटण मी सांगणार नाही. तो गाडीवर ड्रायव्हर होता. डोंगरावरच्या एका तळावर पहाटेच्या धुक्यात गाडी मागे घेताना त्याचा जोडीदार चाकाखाली आला. चौकशी झाली, साक्षी झाल्या, निष्काळजीपणा नव्हता असा निकाल आला. कागदावर तो सुटला. मग तो एका संध्याकाळी माझ्याकडे आला आणि बराच वेळ समईची वात पुढे-मागे करत बसला. म्हणाला, "पंडितजी, तुम्ही सीओ साहेबांना सांगा, मला वर पाठवा. जिथे फायरिंग चालू आहे तिथे. दोन-चार जणांना उडवलं, नाहीतर मी गेलो, तर हे फिटेल."

मी त्याला विचारलं, "ज्यांना उडवशील त्यांनी तुझं काय केलंय?"

"ते दुश्मन आहेत."

"ते देशाचे. देशासाठी पाठवलं तर जा, तेव्हा मीच तुला टिळा लावीन. तुझ्या जोडीदाराचं देणं त्यांच्याकडे नाही. ते कुठे आहे तुला माहीत आहे."

त्याला माहीत होतं. जोडीदाराचं घर त्याच्याच तालुक्यात होतं, म्हणून तर ते जोडीदार झाले होते. सुट्टीत तो गेला. पहिल्यांदा त्याला कुणी आत बोलावलं नाही. तो अंगणात बसून परत आला. पुढच्या सुट्टीत पेरणीच्या दिवसांत गेला, तर म्हातारा एकटाच शेतात होता. हा शेजारच्या सरीला लागला. म्हातारा त्याच्याशी बोलला नाही, पण दुपारी खालचा बांध फुटला आहे एवढं सांगितलं, कुणाकडे न बघता. याने बांध घातला. त्यानंतर दर सुट्टीतले काही दिवस तो तिथे असतो, हे त्याने मला पत्रातून कळवलं. म्हाताऱ्याने माफ केलं का, हे मी त्याला विचारलेलं नाही. तो प्रश्न त्या दोघांचा आहे. माझ्याकडे आला तेव्हा त्याचे हात थरथरत होते, पुढे ते थांबले, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

चित्रपटात अशी एक जागा आहे जिथे काप्राचा हात अचूक पडला आहे, आणि ती मला विसरता येणार नाही. लेफ्टी आणि स्टीव्ह रॉबर्ट्स यांचं विमान दलदलीत कोसळतं. हा स्टीव्ह म्हणजे ज्याने शिकाऊ असताना लेफ्टीला त्या उलट्या धावेवरून टोचून टोचून हैराण केलं होतं तोच. तो जखमी आहे आणि तिथेच मरतो. लेफ्टी एकटा, भोवती चिखल आणि पाणी. तो स्टीव्हला विमानावर ठेवतो आणि विमान पेटवून देतो. मंत्राग्नी नाही, भडाग्नी. पण ज्याने आपल्याला हसून हसून रडवलं त्याच्या देहाची विटंबना होऊ नये म्हणून परत जायची एकमेव आशा, ते विमानसुद्धा त्याने जाळलं. मोडकं असो, ते त्याचं शेवटचं छप्पर होतं.

महाभारताच्या स्त्रीपर्वात युद्ध संपल्यावर युधिष्ठिर मृतांच्या दहनाची आज्ञा देतो. विदुर, संजय, धौम्य, युयुत्सू यांना तो कामाला लावतो. चंदन, अगरू, तूप, तेल आणलं जातं, आणि चितांसाठी मोडके रथ आणि पडलेली शस्त्रंही गोळा केली जातात. राजांना वेगवेगळ्या चिता मिळतात. पण व्यास तिथे थांबत नाहीत. देशोदेशींहून आलेले, ज्यांना आपलं म्हणणारं तिथे कुणी नव्हतं, अशा हजारोंच्या राशी करून विदुराने धर्मराजाच्या सांगण्यावरून त्यांना अग्नी दिला. मोडका रथ आणि मोडकं विमान, दोन्हीकडे युद्धाच्या साधनाचंच सरण झालं. फरक एवढाच की कुरुक्षेत्रावर बेवारशांनाही अग्नी मिळाला. काप्राचा कॅमेरा स्टीव्हच्या ज्वाळांवरून पुढे सरकतो तेव्हा चौकीच्या भिंतीखाली पडलेल्या त्या निकाराग्वाच्या माणसांचा विचार त्याच्या मनात येत नाही. ज्या हातांना स्टीव्हसाठी हे सुचलं, त्याच हातांना त्यांच्यासाठीही सुचलं असतं, एवढी शक्यता त्या लेफ्टीमध्ये होती. ती कथेने वापरली नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

युधिष्ठिरालाही प्रायश्चित्त घ्यायचं होतं, आणि त्याचा मार्ग विचित्र होता. त्याला अश्वमेध करायला सांगितलं गेलं. म्हणजे युद्धाच्या पापासाठी पुन्हा घोडा सोडायचा, पुन्हा त्याच्यामागे अर्जुनाने शस्त्र घेऊन फिरायचं. पण धर्मराजाने त्याला बजावलं होतं की ज्या राजांचे बाप-भाऊ कुरुक्षेत्रावर गेले त्यांना होईल तोवर मारू नकोस. घोडा सिंधू देशात पोहोचतो. तिथे जयद्रथाचा मुलगा सुरथ अर्जुन आल्याचं नुसतं ऐकूनच प्राण सोडतो. सैंधव लढत राहतात. मग दुःशला येते, कौरवांची एकुलती बहीण, सुरथाच्या लेकराला कडेवर घेऊन. ती त्या बाळाला अर्जुनासमोर धरते. अर्जुन गांडीव खाली ठेवतो आणि क्षात्रधर्मालाच दोष देतो.

व्यासांनी हे का लिहिलं? मला वाटतं, त्यांना हे दाखवायचं होतं की प्रायश्चित्तात दुसऱ्याचा देह मध्ये आला की न मारण्याची आज्ञा असूनही कुणीतरी मरतंच. सुरथाला कुणी बाण मारला नव्हता. यज्ञ पार पडला, दानं झाली, आणि तरी त्या मंडपात अर्ध्या सोन्याच्या अंगाचं मुंगूस आणून, हा यज्ञ एका गरिबाच्या मूठभर सातूच्या दानाएवढाही नाही असं त्याच्या तोंडून वदवून व्यासांनी सगळ्यांना गप्प केलं.

पनामाकडे येतो. लेफ्टी सापडत नाही आणि शोधाला विमानं निघायची आहेत, तेव्हा पनामा आजारी असल्याचं सांगून मागे राहतो. मत्सराने. मित्राने दगा दिला असं त्याला वाटतं, आणि त्या मित्राला तो दलदलीत मरू देत असतो. हे चुकून घडलेलं नाही, हे जाणून केलेलं आहे. माझ्या दृष्टीने या संपूर्ण चित्रपटात खरं पाप एवढंच दाखवलं आहे. एलिनॉर त्याला खरं काय ते सांगते, आणि तो एकटा निघतो, ज्याचा अपराध केला त्याच्याकडेच जातो, खाली उतरतो आणि स्वतः जखमी होतो. शास्त्राच्या सगळ्या अटी इथे पुऱ्या होतात. अपराध कळला, पश्चात्ताप झाला, देह पणाला लावला, आणि ज्याचं होतं त्यालाच दिलं. चित्रपट मात्र टाळ्या लेफ्टीसाठी राखून ठेवतो. ज्याने फक्त दिशा चुकवली त्याला शुद्धीची एवढी मोठी मोहीम, आणि ज्याला तिची गरज होती त्याचं शुद्ध होणं जाता जाता.

मला कुणी म्हणेल, पंडितजी, लेफ्टी सैनिक होता, आदेश होता, त्याने कर्तव्य केलं. मान्य. आयुष्य ज्या माणसांत काढलं त्यांच्या आज्ञापालनावर मी बोट ठेवणार नाही. निकाराग्वात जायचं की नाही हे लेफ्टीने ठरवलं नव्हतं, ते वॉशिंग्टनने ठरवलं होतं, आणि त्याचा जाब वॉशिंग्टनला विचारायला हवा. माझी तक्रार एवढीच आहे की कर्तव्य हे कर्तव्य म्हणून करावं. आपल्या लाजेचं ओझं उतरवण्याची जागा म्हणून जो रणावर जातो, तो समोरच्या माणसापुरता सैनिक राहत नाही. आणि तो स्वतःही हलका होत नाही. रात्री उठून बसणारी अशी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या छातीवर पदकं होती.

म्हणून तुकडी वर जायच्या आधीच्या मंगळवारी मी सर्वधर्म स्थळात स्त्रीपर्वातला दहनाचा भाग मराठीतून सांगायचो. एका तरुण कॅप्टन साहेबांना ते रुचलं नाही. बाजूला घेऊन म्हणाले, "पंडितजी, निघायच्या तोंडावर हे कशाला? गीतेचा दुसरा अध्याय घ्या, जोश येईल." मी म्हटलं, "साहेब, दुसरा अध्याय मी सकाळी निघताना घेणारच आहे. हे परत आल्यावर लागतं, आणि तेव्हा मी प्रत्येकाच्या जवळ नसतो." त्यांनी अडवलं नाही.

त्या संध्याकाळी प्रश्न विचारायला मोकळीक असे. एकाने विचारलं, विदुराने ज्यांना जाळलं ते कुठल्या बाजूचे होते? मी सांगितलं की व्यासांनी ते लिहिलेलं नाही. मग त्या पोरांत बराच वाद झाला. कुणी म्हणालं, कौरवांचेच असणार, हरणाऱ्यांचं कोण विचारतो. कुणी म्हणालं, दोन्हीकडचे मिसळले असतील, ओळखणार कसे. मागच्या रांगेतला एक हवालदार म्हणाला की बाजू ठरवत बसले असते तर रात्र उलटून गेली असती आणि कोल्हे आले असते. मी वाद थांबवला नाही, जेवणाची शिट्टी होईपर्यंत तो चालू होता.